सायकल तुमची, पण रस्ता ड्युटीचा

(दुबईतल्या एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी ज्यांची ड्युटी होती त्यांनी मागितला म्हणून इथं लिहून काढला आहे.)

जेवणाची वेळ झालीये, डाळीचा वास मलाही येतोय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. विषय सायकलचा आहे.

तुम्ही म्हणाल, सायकल काय शिकवतोस? चड्डीत होतो तेव्हापासून चालवतोय. बरोबर. गावाकडं मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली माणसं आपण. पण इथला रस्ता गावचा नाही. इथं सायकलवाले दोन प्रकारचे. एक हौशी. सुट्टीच्या दिवशी पहाटे अल कुद्राच्या ट्रॅकवर जातात, हजारो दिरहॅमची सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता बांधलेला. दुसरे आपण. कॅरियर, बास्केट, हँडलला डबा आणि रस्ता ट्रकचा. सगळ्या सूचना, सगळी पत्रकं पहिल्यांसाठी निघतात. म्हणून आज दुसऱ्यांसाठी बोलायचं.

आधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं, इथं उजव्या. हे सगळ्यांना माहीत आहे, पण मानेला माहीत नाही. तीस वर्षं रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडं बघितलंय. इथं पहिली गाडी येते डावीकडून. नवीन आलेला गडी उजवीकडं बघतो, रस्ता मोकळा दिसतो आणि पाऊल टाकतो. तेव्हा पहिले तीन-चार महिने तोंडानं बोलायचं: डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. कोणी हसलं तर हसू द्या.

काही जण मुद्दाम उलट्या दिशेनं सायकल घालतात. कारण सांगतात, "समोरून येणारी गाडी दिसते, मागून कोण येतंय ते कळत नाही." ऐकायला बरोबर वाटतं, पण आहे चूक. गल्लीतून मुख्य रस्त्यावर उजवीकडं वळणारा ड्रायव्हर फक्त डावीकडं बघतो, कारण त्याच्या बाजूला गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या उजवीकडून उलटे आलात तर तो तुम्हाला बघतच नाही. शिवाय समोरासमोर धडक झाली की दोघांचा वेग एकत्र होतो. आणि उलट्या दिशेनं येणाऱ्याला पोलिसाच्या रिपोर्टमध्ये बाजू उरत नाही. ह्या रिपोर्टवर मी नंतर येतो, कारण आजचा खरा मुद्दा तो आहे.

आता ट्रक. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्यामुळं ट्रकची डावी बाजू आंधळी. इथं ड्रायव्हर डावीकडं बसतो, आंधळी बाजू उजवी. आणि आपण चालतो कुठं? रस्त्याच्या उजव्या कडेनं. म्हणजे सिग्नलला ट्रक थांबलाय आणि त्याच्या उजवीकडच्या फटीतून तुम्ही पुढं सरकलात, तर तुम्ही बरोबर त्या जागी उभे आहात जिथं ड्रायव्हरला काही दिसत नाही. सिग्नल हिरवा झाला, ट्रक उजवीकडं वळला, त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि कोपरा कापतात. सायकलवाला त्या चाकांत आणि कठड्यात सापडतो. मिक्सर, टँकर, ट्रेलर, कामगारांची बस, सगळ्यांचं तेच. नियम एकच धरा: मोठी गाडी थांबली असेल तर तिच्या मागं थांबायचं, बाजूला नाही. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर फोरमन बोलेल, बोलू द्या.

गावाकडं उजवीकडं वळणं अवघड असतं, तसं इथं डावीकडं वळणं अवघड. तीन लेन आडव्या कापून मधे जायची हिंमत करू नका. सरळ पुढं जा, सिग्नलच्या झेब्रावर उतरा आणि सायकल हातात धरून चालत ओलांडा. झेब्रावर सायकलवर बसून जायचं नाही, हा दुबईचा नियमच आहे. दवारचंही तसंच. दवारमध्ये गाड्या घड्याळाच्या उलट्या फिरतात, आत असलेल्याचा पहिला हक्क, आणि बाहेर पडणारी गाडी कडेनं चाललेल्या सायकलला सरळ कापून जाते. मोठ्या दवारला मी स्वतः कायम उतरतो. सिग्नलजवळ उजवीकडं वळणाऱ्यांसाठी जी वेगळी वाट काढलेली असते तिथं तर गाड्या लाल दिव्यालाही थांबत नाहीत. तिथं आधी मागं वळून बघायचं.

कुठल्या रस्त्यावर जायचं? दुबईत २०२२ सालच्या नियमानुसार ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर सायकल घालायला बंदी आहे, मुखालफा ३०० दिरहॅमचा. लाल रिंगणाच्या गोल बोर्डावर आकडा असतो, तो वाचायची सवय लावा. आणि एक लक्षात ठेवा, दुबईत कॅमेरा मर्यादेच्या वर २० पर्यंत सोडून देतो. म्हणजे बोर्ड ६० चा असला तरी गाड्या ऐंशीच्या आसपास पळणार हे धरून चाला. सोनापूरच्या बाजूनं जाणारा मोहम्मद बिन झायद रोड, अल कूझच्या एका बाजूचा शेख झायद रोड आणि दुसऱ्या बाजूचा अल खैल रोड, ह्यांचा विचारसुद्धा करायचा नाही. चालवायलाही नाही आणि ओलांडायलाही नाही. २०२५ च्या मार्चपासून नवीन वाहतूक कायदा लागू झालाय. त्यात ८० किंवा त्याहून जास्त मर्यादेचा रस्ता भलत्या जागी ओलांडला आणि त्यातून अपघात झाला, तर ओलांडणाऱ्याला कमीत कमी तीन महिने तुरुंग, किंवा कमीत कमी १०,००० दिरहॅम दंड, किंवा दोन्ही. पूल किंवा भुयारी वाट दोन किलोमीटर लांब असेल तरी सायकल हातात धरून तिथूनच जायचं. (सोनापूर हे नाव मुंबईकरांना ऐकवत नाही, तिकडं ते मसणवट्याचं नाव. इथं ते आपल्या राहण्याचं आहे. तसंच राहू द्या.)

कडेनं चालायचं म्हणजे कठड्याला चिकटून नाही. कठड्याजवळ वाळू साठते, गटाराच्या जाळ्या असतात, आणि वाळूवर ब्रेक मारला की चाक निसटतं. कठड्यापासून दीड-दोन हात आत राहा, म्हणजे गाडीवाल्यालाही तुमच्या बाजूनं नीट वळसा घ्यावा लागतो. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवा, इथं ड्रायव्हरचं दार तुमच्याच बाजूला उघडतं. ड्युटी सुटल्यावर दहा-बारा जण मिळून गप्पा मारत तीन-तीनच्या रांगेत निघता, ते बंद करा. एकामागं एक चाला. ज्याचा मागचा दिवा चांगला असेल त्याला शेवटी ठेवा.

दिसणं. आपला निम्मा प्रवास अंधारात होतो, पहाटे जाताना आणि रात्री येताना. पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा आणि अंगात चमकणारं जॅकेट, हे तिन्ही नियमात आहे. साईटवरचं जॅकेट आपल्याकडं असतंच, पण दोन गोष्टी बघा. त्याचा पिवळा-हिरवा रंग दिवसा कामाचा. रात्री काम करतात त्या राखाडी पट्ट्या, आणि त्यांवर सिमेंट बसलं की त्या मेल्या. धुवा. हलक्या हातानं, ब्रशनं घासू नका. दुसरं, जॅकेटवर पाठीला बॅग लावली की पट्टी झाकली जाते आणि मागून तुम्ही काळा ठिपका होता. जॅकेट बॅगेच्या वरून घाला, किंवा बॅग कॅरियरला बांधा. मागचा लाल दिवा पंधरा-वीस दिरहॅमला मिळतो. एक वेळचं बिर्याणीचं पार्सल समजा.

हेल्मेटचं सांगतो, कारण इथं घोळ आहे. बरेच जण साईटचं हेल्मेट घालून सायकल चालवतात. साईटचं हेल्मेट वरून काही पडलं तर वाचवायला बनवलेलं असतं. सायकलवरून माणूस पडतो तो बाजूला किंवा पुढं, कपाळावर नाहीतर कानशिलावर. साईटचं हेल्मेट तोवर डोक्यावरून उडून दहा फुटांवर गेलेलं असतं. सायकलचं हेल्मेट वेगळं, आतून जाड फोमचं, हनुवटीखाली पट्टा. पट्टा आणि हनुवटीत दोन बोटं जातील इतकाच सैल. कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, मागं टोपीसारखं ढकललेलं नको. एकदा आपटलं की टाकून द्यायचं, वरून धड दिसलं तरी. दुबईत हेल्मेट नसलं तर २०० दिरहॅम दंड, आणि त्याहून कमी पैशात हेल्मेट येतं. डबलसीटही चालत नाही. तिकडं पूर्वी पोलीस डबलसीटवाल्याची हवा सोडायचा, इथं सायकलच जप्त होऊ शकते.

सायकलीवर थोडं. सेकंडहँड सायकल घेताना रंग बघू नका, ब्रेक बघा. सायकल पुढं ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, मागचं चाक उचललं पाहिजे. मागचा दाबा, चाक घासत थांबलं पाहिजे. रबर झिजून खाच गेली असेल तर बदला, पाच-दहा दिरहॅमचं काम. थांबताना दोन्ही ब्रेक एकदम, वाळूवर मात्र मागचाच आणि हळू. चेनला तेल घालून तसंच सोडलं तर इथली वाळू त्याला चिकटते आणि चेन खाते. तेल घाला, पाच मिनिटांनी फडक्यानं पुसून काढा. टायरच्या बाजूवर हवेचा आकडा छापलेला असतो, तेवढी भरा. सायकल उन्हात उभी राहून टायरला भेगा पडतात, त्या आठवड्यातून एकदा बघा. आणि डबा हँडलला लटकवू नका. डबा हलतो, पुढच्या चाकाच्या तारांत जातो, आणि चाक जागच्या जागी अडकतं. माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो. त्यासाठी गाडी लागत नाही, ट्रक लागत नाही, रिकाम्या रस्त्यावर होतं हे. पॅन्टचा पाय रबरानं बांधा. कानात दोन्ही बाजूंनी इअरफोन घालून बायकोशी बोलत चालवू नका, तिला कॅम्पवर पोचून फोन करा.

ऊन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, पण सायकल कोणी बंद करत नाही. त्या वेळात बकाल्यापर्यंतसुद्धा जायचं टाळा. हिवाळ्यात पहाटेचं धुकं पडतं, वीस फुटांवरचं दिसत नाही. त्या दिवशी कंपनीच्या बसनं जा किंवा उशिरा निघा. रमझानमध्ये मगरिबच्या आधीचा पाऊण तास संभाळा. दिवसभर उपाशी माणूस घरी पोचायच्या घाईत असतो.

ई-स्कूटर बऱ्याच जणांनी घेतलीय. ती सायकल नव्हे. दुबईत तिला परमिट लागतं, वय १६ पूर्ण, ऑनलाइन फुकट मिळतं, ड्रायव्हिंग लायसन्स असलेल्याला वेगळं नको. मी सांगितलेले हे आकडे दुबईचे आहेत. शारजा, अबुधाबीत राहणाऱ्यांनी तिथले नियम विचारून घ्या.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी उभा राहिलो.

आमच्या बाजूच्या कॅम्पात कोल्हापूरकडचा एक गडी होता, स्टील फिक्सर. रात्री ड्युटी सुटून सायकलवर येत होता. पिकअपनं धक्का दिला, मांडीचं हाड मोडलं. गाडीवाला उतरला, हात जोडले, तीनशे दिरहॅम हातात दिले आणि गेला. ह्याला वाटलं पाय मुरगळलाय, पोलीस नको. साथीदारांनी रूमवर आणला. दुसऱ्या दिवशी पाय सुजला तेव्हा दवाखाना. आणि कंपनीनं सांगितलं: सायकल तुझी, वेळ तुझा, रस्ता सरकारचा, आमचा काय संबंध? तीन महिने बिनपगारी पडून राहिला आणि शेवटी गावी गेला. कंपनीचं नाव मी घेणार नाही. असं बोलणाऱ्या कंपन्या एक-दोन नाहीत.

पण "आमचा काय संबंध" हे खोटं आहे. इथल्या कामगार कायद्यात, म्हणजे २०२१ च्या ३३ नंबरच्या कायद्यात, कामावरची इजा कशाला म्हणायचं ते लिहिलंय. कामाला जाताना किंवा कामावरून येताना, मधे न थांबता, न रेंगाळता, नेहमीची वाट न सोडता अपघात झाला तर ती कामावरची इजा. सायकल कंपनीची की तुमची, हे कायदा विचारत नाही. मग उपचाराचा खर्च मालकाचा. पगार सहा महिन्यांपर्यंत पूर्ण, पुढचे सहा महिने अर्धा. कायमचं अपंगत्व आलं तर त्याची भरपाई वेगळी. मरण आलं तर घरच्यांना २४ महिन्यांचा मूळ पगार, कमीत कमी १८,००० आणि जास्तीत जास्त २,००,००० दिरहॅम. मूळ पगार म्हणतोय, हातात येणारा नाही. म्हणून काँट्रॅक्टवर बेसिक किती लिहिलाय ते आजच काढून बघा. घरकामगारांचा कायदा वेगळा आहे, त्यांनी मला नंतर भेटा.

आता मागचं सगळं ह्याच्याशी जोडा. "नेहमीची वाट" म्हणजे ज्या वाटेनं तुम्ही रोज जाता ती. ड्युटीवरून सुटून आधी पैसे पाठवायला एक्स्चेंजला, तिथून मित्राच्या रूमवर, आणि मग अपघात झाला, तर कंपनीचा वकील तेच धरणार. जमल्यास आधी कॅम्पवर या, मग जा. दारू प्यायलेल्याचा हक्क जातो, हेही कायद्यात आहे. आणि दुसऱ्या गाडीनं ठोकलं असेल तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते, पण तुमचीही चूक निघाली, म्हणजे उलटी दिशा, दिवा नाही, बंदीचा रस्ता, तर कोर्ट ती रक्कम कमी करू शकतं. म्हणजे वीस दिरहॅमचा दिवा हा जिवासाठी आहेच, तो कागदासाठीही आहे.

पडलात तर काय करायचं. शुद्धीत असाल तर आधी रस्त्यातून बाजूला. मग ९९९, पोलीस. ॲम्ब्युलन्स ९९८. हिंदी चालते. गाडीवाला कितीही चांगला असो, पैसे घेऊन सोडू नका. मार छोटा वाटला तरी रिपोर्ट करा, कारण हाड आणि डोक्याचा मार दुसऱ्या दिवशी बोलतो. गाडी पळाली तर नंबर, नंबरापुढचं अक्षर, कुठल्या अमिरातीची पाटी आणि रंग मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, लिहीत बसू नका. साथीदारानं फोटो काढावेत, सायकल जशी पडलीय तशी, दिवा लागलेला दिसेल असा. बघणाऱ्या दोघांचे फोन नंबर घ्या. पोलिसाला एक वाक्य नक्की सांगा: "मी ड्युटीवरून कॅम्पला चाललो होतो." दवाखान्यात डॉक्टरलाही तेच सांगा, म्हणजे कागदावर येतं. अरबीतल्या कागदावर न समजता सही करू नका, दुभाषा मागा. एमिरेट्स आयडी आणि विम्याचं कार्ड खिशात हवं. रूमवर पेटीत ठेवलेलं कामाला येत नाही.

मग त्याच दिवशी फोरमनला किंवा कॅम्प बॉसला लेखी कळवा. व्हॉट्सॲपचा मेसेज चालेल, तारीख-वेळ त्यावर आपोआप येते. कंपनी ऐकत नसेल तर कामगार मंत्रालयाचा सल्ल्याचा आणि तक्रारीचा नंबर ८००८४. आपल्या लोकांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र, ८०० ४६३४२, फुकट आणि चोवीस तास. आणि ज्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे, त्यांनी येताना प्रवासी भारतीय विमा काढलेला असतो. अपघाती मृत्यू किंवा नोकरी जाईल असं कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख रुपये. दोन किंवा तीन वर्षांची मुदत असते, संपली असेल तर नूतनीकरण करा. तो कागद इथं पेटीत ठेवून उपयोग नाही. फोटो काढून आज रात्री घरी पाठवा आणि वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते त्यांना सांगा.

हा मजकूर कतार, कुवेत, ओमानमधून वाचणाऱ्यांसाठी: सगळीकडं उजवीच बाजू, आणि ट्रकचं सगळीकडं हेच. नंबर मात्र कतार आणि बहरीन ९९९, कुवेत ११२, ओमान ९९९९. कामगार कायदा तुमच्या देशाचा वेगळा, तिथल्या दूतावासात विचारा.

बस. जेवण झालं की मेसच्या मागच्या दाराशी पंप, पाना आणि ब्रेकच्या रबरांचं पाकीट घेऊन बसतो. ज्याचा पुढचा ब्रेक लागत नाही त्यानं सायकल घेऊन यावी, आणि ज्यानं डबा हँडलला टांगलाय त्यानं सुतळीही आणावी, कॅरियरला कसा बांधायचा ते दाखवतो.